काचेवरचा चरा

प्रभावतीनं स्क्रीनवरच्या चऱ्यावर माउसचा ब्रश फिरवला आणि चरा पुसला गेला. बॉनेटवर नखाएवढा ओरखडा दिसला तरी लाल स्टिकर लावायचा, हे काम ती चाकणच्या कार कंपनीत एकोणीस वर्षं करत होती. तिच्या नजरेतून डाग सुटत नसे, आणि त्याचा तिला गर्वही होता.

स्क्रीनवर मात्र बॉनेट नव्हतं. भोरगिरीच्या अंधारात तिनं स्वतःच्या दुर्बिणीतून टिपलेला दीर्घिकांचा पुंजका होता. त्याच्या प्रचंड वजनानं पार मागच्या एका दीर्घिकेचा उजेड वाकतो आणि कमानीसारखा दिसतो, असं तिनं वाचलं होतं. सूर्यही जन्मला नव्हता तेव्हा निघालेला उजेड! त्या कमानीपायी चार हिवाळे गेले होते. आज ती दिसली नाही, तर उद्या दुर्बीण कंपनीत तिच्याच लाइनवर काम करणाऱ्या धनेशच्या घरी जाणार होती. वैतागाच्या भरात तसा शब्दच तिनं देऊन टाकला होता.

"पुसलास पुन्हा?" चहा ठेवत किसननं विचारलं. तिचा नवरा त्याच कंपनीतून, त्याच कामावरून गेल्या वर्षी रिटायर झाला होता.

"कॅमेऱ्याच्या काचेवर चरा पडलाय. दर फोटोत येतो मेला."

"फिरवून बघितलंस?"

ती चिडली. लाइनवर नव्या पोरांना ती हेच तर शिकवायची. पत्रा फिरवा. चरा पत्र्याबरोबर फिरला तर पत्र्यावरचा, जागीच राहिला तर दुसऱ्या कशाचा तरी. आणि हे आता तिला शिकवायचं?

चिडूनच तिनं न पुसलेले दोन फोटो शेजारी शेजारी उघडले. एक डिसेंबरचा, दुसरा संक्रांतीनंतरचा. त्या दुसऱ्या वेळी कॅमेरा चुकून उलटा बसला होता, त्यामुळे सगळं आभाळच उलटं आलं होतं. काचेवरचा चरा जागचा हलला नसता.

हा हलला होता. पहिल्या फोटोसारखाच, पुंजक्यातल्या त्याच पिवळ्या दीर्घिकेला खेटून, तिच्याबरोबर उलटा होऊन बसला होता.

प्रभावतीला आधी स्वतःची भयंकर लाज वाटली. मग रडू आलं. चहावर साय धरली तरी तिचा हात कपाकडे गेला नाही.

"अहो, कमान आहे ही. आणि मीच पुसत होते."

किसन वाकून बघत राहिला. मग त्यानं तिचा फोन तिच्यापुढे सरकवला.

"धनेश, उद्या दुर्बीण न्यायला येऊ नकोस. चांगला पीस रिजेक्ट केलाय मी. पहिल्यापासून सगळं तपासायचंय."

"प्रभाताई, तुम्ही? कुठल्या शिफ्टला?"

तिनं कमानीवरून बोट फिरवलं, काचेला न लावता.

"चारही हिवाळे," ती म्हणाली, आणि पहिल्या वर्षाचं फोल्डर उघडलं.