छातीवर झेललेलं नाणं

"सांगितलं तर कुणाचा बाप विश्वास ठेवणार नाही," असं म्हणून म्हाताऱ्या लोहारानं ऐरणीवर हातोडा असा आपटला की नाणेवाल्याचा चहा त्याच्याच पँटवर सांडला. "ह्या इथं, ह्या जागेवर, माझा सख्खा धाकटा भाऊ छिन्नी घेऊन माझ्या अंगावर आला. हातभर लांब. लालबुंद तापलेली!"

"मागच्या खेपेला गार होती, मिस्त्री," टेम्पोच्या स्प्रिंगचा तुटलेला पाटा जोडून घ्यायला आलेला टेम्पोवाला म्हणाला.

"निघाली तेव्हा गारच होती. माझ्यापर्यंत येईतो त्याच्या रागानं तापली."

टेम्पोवाला खो खो हसला. भट्टीपाशी उभी असलेली लेक हसली नाही. तिनं सांडशीतला पाटा उलटा केला आणि निखाऱ्यात खुपसला.

सकाळी तिचा चुलतभाऊ दाराबाहेर उभा राहून निरोप सांगून गेला होता. काकाचं उद्या ऑपरेशन आहे, डॉक्टर काही धड बोलत नाहीत, आणि काकाला एकदा, फक्त एकदा, दुकानात येऊन बसायचं आहे. म्हातारा आतूनच ओरडला होता, "छिन्नी घरी ठेवून ये म्हणावं!" चुलतभाऊ तिच्या तोंडाकडे बघत राहिला. संध्याकाळपर्यंत सांगते, एवढंच ती बोलली.

काकाशी ती जन्मात एक शब्द बोलली नव्हती. तीन गल्ल्या पलीकडे तो राहायचा, चिरडलेला उजवा हात कायम खिशात. नऊ वर्षांची असताना तिनं त्याला दगड मारला होता. भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं, आणि तो डाव्या हातानं भिंत चाचपत निघून गेला. घरी बापानं तिची पाठ थोपटली होती.

म्हणूनच तिनं दुपारी नाणेवाल्याला बोलावून घेतलं. हा माणूस जुनी नाणी तपासणीला पाठवायचा. तिकडे जाणकार लोक भिंगाखाली नाणं बघत, दर्जा ठरवत, सीलबंद डबीत घालून वर सगळं लिहून देत. बापाच्या खिशातल्या नाण्यावरचा घाव छिन्नीचा आहे असं त्यांनी लिहून दिलं की झालं. मग काकाला 'येऊ नका' म्हणताना तिची जीभ अडखळणार नव्हती. म्हातारा तर हरखलाच होता. त्याच्या गोष्टीला आता शिक्का मिळणार होता.

"मग पुढं?" नाणेवाल्यानं पँट झटकत विचारलं.

"पुढं काय! छिन्नी आली ती थेट छातीवर. खिशात आईनं दिलेलं चांदीचं नाणं. खण्ण! ठिणग्या अशा उडाल्या की समोरच्या दुकानाचा पडदा पेटला. मी म्हटलं, अरे, आईच्या नाण्यावर वार करतोस? आणि दिली मुस्काटात. दोन दात उडाले ते भट्टीत जाऊन तडतडले."

"मागं चार होते," टेम्पोवाला म्हणाला.

"धुरात नीट दिसलं नाही रे. तरी गडी थांबेना! परत छिन्नी उचलली. मग मी काय करणार? त्याचा हात ऐरणीवर दाबला आणि घातला घण. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. परत घातला. तिसऱ्यांदा घातला तेव्हा बोटं कुठली आणि तळवा कुठला, कळेना. माझा जीव वाचवायला केलं, दुसरं काय!"

तिसऱ्या घणाला टेम्पोवाल्याचंही हसू आटलं. म्हाताऱ्यानं खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. हे नाणं तो दर रविवारी राखेनं घासायचा, पाहुण्यांना दोन बोटांत धरून दाखवायचा आणि परत खिशात टाकायचा. कुणाच्या हातात म्हणून द्यायचा नाही. आज दिलं.

नाणेवाल्यानं ते कडेनं धरलं. "अरेरे. घासून घासून पार कातडं काढलंत हो याचं. दर्जा मिळणं कठीण."

"दर्जा गेला खड्ड्यात. घाव लिहितील ना?"

"लिहितील की. कशाचा, कसा बसला, सगळं." त्यानं भिंग लावलं. मग नाणं पालथं केलं आणि तसंच धरून राहिला. "मिस्त्री, खिशात होतं म्हणालात. मागं काय होतं याच्या?"

"मागं माझं काळीज होतं!"

टेम्पोवाला हसला. नाणेवाला हसला नाही. त्यानं मान खाली घालून आपली पिशवी उगाच उघडली आणि बंद केली.

"आण इकडं," म्हातारा एकाएकी म्हणाला. "नाही पाठवायचं. आईची आठवण आहे. परक्या माणसांनी चिमट्यात धरायची वस्तू नव्हे ती."

त्यानं हात पुढं केला. पण त्याआधी लेकीचा हात पोचला होता.

तिनं नाणं तळव्यावर घेतलं. समोर छिन्नीचा घाव होता, सरळ, खोल. ती पंचवीस वर्षं लोखंडावर छिन्नी चालवत होती. खाली माती असली, लाकूड असलं, माणसाचं अंग असलं, तर पत्रा मागं फुगतो. तिनं नाणं उलटलं आणि अंगठा फिरवला. फुगवटा नव्हता. घावाच्या बरोबर मागं चांदी चेपून आरशासारखी सपाट झाली होती. तिनं परत अंगठा फिरवला. भट्टीत पाटा पांढरा पडून जळायला लागला, ठिणग्या उडायला लागल्या, तरी तिनं तिकडं पाहिलं नाही.

"पोरी, दे ते," म्हातारा म्हणाला. "पाटा जळतोय बघ. आणि तुला सांगायचं राहिलंच, त्या दिवशी माझ्या खिशात नाण्याच्या मागं एक लोखंडी डबीपण होती, तंबाखूची, चांगली जाड..."

"बाबा," ती म्हणाली, "हे नाणं तुम्ही ऐरणीवर ठेवून छिन्नीनं ठोकलंय. काकाच्या हातात काहीच नव्हतं."