सोमवारचा अर्ज

"भिताडाजवळ उभ्या ऱ्हाऊ नका पोरींनो, हिकडं माझ्या अंगणात या. चपला राहू द्या पायात, या आत," खाजामियाँ दारात काठी टेकून सांगत होते, आणि समोरच्या वसतिगृहाच्या जिन्यावरून मुली अजून उतरतच होत्या.

जमीन हलून दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. धक्का तसा लहान होता. त्याच गल्लीतल्या महादेवप्पांच्या घरात मांडणीवरचे दोन पेले तेवढे खाली आले. पण त्र्याण्णवची ती पहाट ज्यांनी अंगावर काढली होती, त्यांना लहानमोठं कळत नाही. महादेवप्पा बनियनवरच गल्लीत आले आणि थबकले. पुढं जायला जागाच नव्हती. आठ फुटांच्या गल्लीत दोनशे मुली दाटीवाटीनं उभ्या होत्या. कुणाच्या हातात मोबाइल, कुणाच्या हातात जीवशास्त्राची वही. डोक्यावर सहा मजली इमारत, दोन्ही बाजूंना भिंती. जिन्यात चेंगरून एका मुलीचा हात मोडला होता. खाजामियाँची नात लायबा तिचा हात ओढणीनं गळ्याशी बांधत होती.

ती मुलगी मुरुडची होती. रडता रडता तिनं महादेवप्पांकडं पाहिलं आणि विचारलं, "काका, इथं जवळपास मोकळी जागा कुठं हाय हो?"

त्या गल्लीला मोकळी जागा होती. ही इमारत तिच्यावरच उभी होती.

पानगिरी हे लातूर-निलंगा रस्त्यावरचं गाव. किल्लारीकडची गावं जमीनदोस्त झाली तेव्हा पानगिरीत सात माणसं गेली आणि बहुतेक घरांना तडे गेले. कुणी घरात पाऊल टाकायला धजेना. तेव्हा गल्लीच्या तोंडाशी एक पडीक मैदान होतं. खाजामियाँचा मंडपाचा धंदा. त्यांनी त्याच सकाळी गोदाम उघडलं आणि होत्या नव्हत्या त्या कनाती, ताडपत्र्या, शामियाने काढून मैदानात लावले. ऐंशी-नव्वद घरं तीन महिने त्या कापडाखाली राहिली. त्या हंगामात खाजामियाँनी एकाही लग्नाची सुपारी घेतली नाही. कापड कुजलं, बांबू चुलीत गेले, पण त्यांनी कधी त्याचा उल्लेख केला नाही.

महादेवप्पा तेव्हा एकतीस वर्षांचे होते, नगरपालिकेत बांधकाम विभागात कारकून. त्यांची बायको दिवसांवर होती. ऑक्टोबरात भर पावसात एका दुपारी तिला कळा सुरू झाल्या आणि तंबू गळायला लागला. तेव्हा खाजामियाँनी एक कोरा शामियाना आणून वरून अंथरला. तो त्यांनी स्वतःच्या बहिणीच्या लग्नासाठी शिवून ठेवला होता. त्यांची बायको आबेदा हिनं चारी बाजूंनी आपल्या साड्या बांधून आडोसा केला आणि सुईणीच्या हाताखाली उभी राहिली. मुलगी झाली. तिचं नाव सिंधु.

पुढं शहराचा विकास आराखडा झाला, तेव्हा त्या मैदानावर 'खुली जागा' असं आरक्षण पडलं. नकाशावर त्याला हिरवा रंग महादेवप्पांनीच भरला होता. त्या दिवशी पेढे घेऊन ते खाजामियाँच्या घरी गेले होते. "चाचा, आता ह्या जागेला कोण हात लावत न्हाई. कागदावर आली," असं त्यांनीच सांगितलं होतं.

पण जागेचे मूळ मालक वेगळे होते, आणि नगरपालिकेनं ती कधी ताब्यात घेतलीच नाही. दरम्यान लातूरला क्लासेसची लाट आली. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला लातूरला येऊ लागली, आणि लाटेचं पाणी पानगिरीपर्यंत पोचलं. २००९ साली बांधकाम समितीचे सभापती वीरभद्र यांच्या मेव्हण्यानं ते मैदान विकत घेतलं. लातुरातला त्याचा क्लास जोरात चालला होता. त्याची शाखा आणि वसतिगृह पानगिरीत आणायचं होतं. नगरपालिकेनं आरक्षण उठवायचा ठराव केला आणि जाहिरात दिली: तीस दिवसांत हरकती नोंदवाव्यात. तिसावा दिवस सोमवार होता.

त्या सोमवारी दुपारी चार वाजता खाजामियाँ कार्यालयात आले. हरकतीच्या अर्जाला त्र्याऐंशी सह्या आणि अंगठे जोडलेले होते. 'भूकंपात आम्ही इथे वाचलो, पुन्हा वेळ आली तर कुठे जावे?' असं अर्जात साध्या अक्षरात लिहिलं होतं. आवक-जावकचा कारकून रजेवर होता आणि त्याचं टेबल महादेवप्पांकडं होतं.

"पोच देऊ का चाचा?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही असताना पोच कशाला अप्पा? घरातल्या माणसाकडून कुणी पावती घेतं का?" खाजामियाँ हसून म्हणाले आणि गेले.

महादेवप्पा शिक्का उचलणार तेवढ्यात वीरभद्र यांचा फोन आला. कुणाची हरकत आली का, असं त्यांनी विचारलं. महादेवप्पांनी खरं ते सांगितलं. मग वीरभद्र अगदी घरच्यासारखं बोलले. "सिंधुला दहावीला ब्याण्णव टक्के पडले म्हणं. मेव्हण्याच्या लातूरच्या क्लासात हुशार पोरांच्या पहिल्या बॅचला दोन जागा हायत्या. मी शब्द टाकतो. तो अर्ज आज आलाच न्हाई समजा. उद्या आला. एवढंच."

एवढंच होतं. कुणाला दमदाटी नव्हती, बदलीची भीती नव्हती. नाही म्हटलं असतं तर वीरभद्र चार दिवस रुसले असते. पण त्या पहिल्या बॅचसाठी अर्धा जिल्हा रांगेत होता आणि सिंधु तिथल्या प्रवेशपरीक्षेत थोडक्या गुणांनी मागं पडली होती. महादेवप्पांनी अर्ज खणात ठेवला. मंगळवारी सकाळी शिक्क्यावरची तारीख फिरवली आणि अर्जावर ठोकला.

सर्वसाधारण सभेच्या दिवशी खाजामियाँ धुतलेला पायजमा, काळी शेरवानी घालून आले होते. टिपणी वाचायचं काम महादेवप्पांकडं होतं. "विहित मुदतीत एकही हरकत प्राप्त नाही. एक अर्ज मुदतीनंतर प्राप्त झाल्याने दप्तरी दाखल."

"मी तर सोमवारीच दिलतो साहेब," खाजामियाँ मागून उठून म्हणाले.

मुख्याधिकाऱ्यांनी अर्ज उलटून पाहिला. "शिक्का मंगळवारचा आहे."

खाजामियाँनी महादेवप्पांकडं पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता, नुसता प्रश्न होता. "अप्पा?"

"मंगळवारचाच हाय, चाचा," महादेवप्पा कागदावरून नजर न उचलता म्हणाले.

"मग माझंच चुकलं आसंल," खाजामियाँ हळूहळू खाली बसले. "त्या आठवड्यात उदगीरला मंडप होता. वार ध्यानात ऱ्हायला नसंल."

पुढच्या पंधरा वर्षांत जे व्हायचं ते झालं. सिंधु पहिल्या बॅचला बसली, होमिओपॅथीची डॉक्टर झाली आणि हिमायतनगरला तिनं दवाखाना टाकला. मैदानावर आधी तीन मजले चढले, मग सहा. महादेवप्पा सत्कार घेऊन निवृत्त झाले. आणि सह्या करणाऱ्या त्र्याऐंशी जणांपैकी जो तो म्हणायचा, खाजामियाँनी एक दिवस उशीर केला म्हणून मैदान गेलं. पोरंटोरंही चेष्टेत म्हणायची, "चाचांचा सोमवार मंगळवारी येतो." खाजामियाँ ते ऐकून घ्यायचे. महादेवप्पा भेटले की विचारायचे, "आपली डॉक्टरीण काय म्हणती?" दर ईदला शीरखुर्म्याचा डबा यायचा. तीन वर्षांपूर्वी आबेदा गेली, तरी डबा यायचा थांबला नाही. लायबा आणून द्यायची. महादेवप्पांच्या घशाखाली तो उतरत नसे. ते म्हणायचे, साखर वाढलीय.

धक्क्याच्या दिवशी दुपारपर्यंत मुली पुन्हा वर गेल्या. मोडक्या हाताच्या मुलीला तिचे वडील घेऊन गेले. महादेवप्पांना जेवण गेलं नाही. तीनच्या सुमाराला सदरा घालून ते खाजामियाँच्या अंगणात गेले. मुलींनी तुडवलेली तुळशी-मोगऱ्याची रोपं लायबा सरळ करत होती. ऐंशीला टेकलेले खाजामियाँ बाजेवर बसले होते.

"बसा अप्पा. चहा टाक गं लायबा."

"चहा नको चाचा." महादेवप्पा बसले नाहीत. सगळं कसं बोलायचं ते त्यांनी घरून जुळवून आणलं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. "तुम्ही उशीर केला नव्हता."

"कशाला?"

"मैदानाचा अर्ज. तुम्ही सोमवारी दिलता. चार वाजता. मी शिक्का मंगळवारचा मारलो. वीरभद्रांनी सांगितलं म्हणून. सिंधुला त्या क्लासला जागा पायजे होती."

लायबाचा हात मोगऱ्यावरच राहिला. गल्लीतून कुणीतरी रिकामे जार घेऊन गेलं, त्यांचा खडखडाट संपेपर्यंत खाजामियाँ समोर बघत राहिले.

"सोमवारीच दिलतो?"

"हाव."

"तुम्हाला पक्कं आठवतंय?"

"एक दिवस न्हाई विसरलो, चाचा."

महादेवप्पांना वाटलं होतं, ते शिव्या देतील, काठी उगारतील. निदान उठा म्हणतील. खाजामियाँ मात्र दुसरंच काही आठवत होते.

"आबेदा म्हणायची," ते अखेर म्हणाले. "'तुम्ही सोमवारीच गेलता. मी इस्त्री करून दिलते कपडे, सोमवारी बाजार असतो, मला चांगलं ध्यानात हाय.' लई भांडायची. आन् मी म्हणायचो, तुला काय कळतंय? अप्पा खोटं सांगतील का? सरकारी शिक्का खोटा आसतो का? एकदा चार माणसांपुढं तिच्यावर ओरडलो. त्याच्यानंतर तिनं तो विषय काढला न्हाई."

मैदान आपल्यामुळं गेलं, हे महादेवप्पांनी मनाशी शंभरदा कबूल केलं होतं. या घराच्या आतही काही मोडलं असेल, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"चाचा, मी लेखी देतो. कलेक्टरला देतो. पेपरात देतो."

"द्या की. द्यायलाच पायजे. पोरी आज वाचल्या, उद्याचं कुणी सांगावं." त्यांनी काठी शोधली. लायबानं ती हातात दिली. "पर ते उद्या. आज माझ्यासंगं चला."

"कुठं?"

"तिच्याकडं."

दोघं गल्लीतून निघाले. खाजामियाँ पुढं, महादेवप्पा दोन पावलं मागं. वसतिगृहाच्या खिडक्यांतून मुली पाहत होत्या. कब्रस्तान गावाच्या पश्चिमेला, ओढ्याच्या अंगाला. तिथवर पोचायला म्हाताऱ्या चालीनं अर्धा तास लागला. फाटकाशी महादेवप्पांनी चपला काढल्या.

आबेदाची कबर कडुनिंबाखाली होती. उशाला एक साधा दगड. खाजामियाँनी काठीनं वरचा पाला बाजूला केला, हात उचलून फातेहा पढला आणि सरकून महादेवप्पांना जागा करून दिली.

"सांगा."

महादेवप्पांनी हात जोडले. माफी मागायला त्यांना शब्द सापडेना. जन्मभर जी भाषा लिहिली तीच कशीबशी ओठांवर आली. "अर्ज सोमवारी मिळाला होता," ते पुटपुटले.

"जरा मोठ्यानं बोला अप्पा," खाजामियाँ शांतपणे म्हणाले. "शेवटी शेवटी तिला कमी ऐकू यायचं."

महादेवप्पांनी श्वास घेतला आणि पुन्हा सांगितलं. पलीकडं एका नव्या कबरीवर पाणी घालणारा माणूस थांबला आणि मान वळवून त्यांच्याकडं पाहू लागला.