उटी निसटली नव्हती

मी टायर बोलतोय. आता मला टायर कोणी म्हणणार नाही. हैबतीच्या पायातल्या वहाणांचे दोन तळ, एवढाच मी उरलो आहे. पण जे सांगायचं आहे ते मी अखंड होतो तेव्हाचं आहे, म्हणून जुन्याच नावाने बोलतो.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. झाडाचा चीक, काजळी, सूत आणि आग यांतून मी झालो. मुंबईहून आगबोटीने दासगावच्या बंदरात उतरलो आणि लाकडं वाहणाऱ्या एका मोठ्या लॉरीच्या मागच्या चाकावर चढलो. माझा जोडीदार उजवीकडे, मी डावीकडे. दोन वर्षं आम्ही साग आणि ऐन वाहिला. लॉरी दमदार होती, आम्ही तिच्या मापाचे होतो. तेव्हा माझ्या हातून कुणाचं वाईट झालं नाही.

पुढे लॉरी मोडली. तिची मागची चाकं सयाजीरावांनी उतारू वाहणाऱ्या आपल्या सर्व्हिस मोटारीसाठी उचलली. ही मोटार महाडहून पोलादपूर करून आंबेनळीचा घाट चढत महाबळेश्वरला जाई. तिची मागची चाकं झिजून सूत दिसू लागलं होतं. मापाची चाकं मुंबईहून यायला पंधरवडा लागणार होता आणि शिमगा आठ दिवसांवर आला होता. मुंबईची माणसं बोटीने उतरून गावाकडे निघणार, अशा वेळी मोटार उभी ठेवायची कशी?

मिस्त्री महिपतीने आम्हांला जुन्या चाकाशेजारी उभं केलं. आम्ही वीतभर उंच भरलो.

"मालक, ही मोठी होत्यात. चढाला मोटार वढायची नाय."

सयाजीराव हसले. त्यांच्या घरी तीन पिढ्या बैलगाड्या होत्या. "महिपती, तू लोखंडातला माणूस. आमाला चाक शिकवतोस? गाडीचं चाक मोठं केलं की बैलाला हलकं जातं. लहान चाक खड्ड्यात बसतं, मोठं वरनं जातं. बसव."

बैलगाडीपुरतं ते खरंच होतं, म्हणून तर कुणी पुढे वाद घातला नाही. पण बैल गाडी बाहेरून ओढतो. मोटारीचं इंजिन चाकाला आतून फिरवतं. त्याच्या तेवढ्याच फेऱ्यांत मोठ्या चाकाला जास्त वाट तोडावी लागते. सपाटीवर लोक त्याला वेग म्हणतात. चढावर तीच धाप होते.

त्या वेळी मला हे कुठे कळत होतं? मोटारीवरचा भागोजी मला बघून म्हणाला, "हैबतीदादा, ही मोटार नाय, घोडी झाली! म्हातारीला चढायला आता शिडी आणा."

"तुलाच वाकून उभा करतो की," हैबती म्हणाला. "पाठ रुंद हाय तुझी."

हैबती मोटार हाकायचा. भागोजी उतारू चढवायचा, बोचकी टपावर बांधायचा आणि घाटात उटी लावायचा. उटी म्हणजे चाकामागे घालायचा लाकडी ठोकळा. चढावर मोटार थांबली की भागोजी उडी मारून खाली उतरे आणि ती मागे यायच्या आत ठोकळा सारून मोकळा होई. ऐनाच्या लाकडाची ती उटी त्याने स्वतः तासली होती, जुन्या चाकाच्या मापाने.

चाक बदललं. उटी तीच राहिली. मोजून बघायचं कुणाच्या मनात आलं नाही.

महाड ते पोलादपूर आम्ही वाऱ्यासारखे गेलो. वेग दाखवणारा काटा वीस म्हणे, तेव्हा आम्ही पंचविसाच्या घरात असू. उतारू खूष झाले. वाटेत एका वळणावर एक म्हातारा म्हणाला, "वा रं सयाजीची मोटार!" मी फुगलो. त्या फुगण्याची मला आजही लाज वाटते.

घाटात मात्र इंजिन रडू लागलं. जिथे दुसरा गियर पुरे तिथे पहिला लागे. पाणी उकळे. उतरताना ब्रेक दाबून दाबून हैबतीच्या पोटऱ्या भरून येत. तिसऱ्या दिवशी त्याने सयाजीरावांना सांगितलं, "मालक, ब्रेक धरीत नाय. चाकं मोठी पडत्यात."

"शिमगा होऊं दे. मुंबईची चाकं आली की बदलू."

हैबती परत मोटारीवर चढला. मी त्याला दोष कसा देऊ? मीही फिरतच राहिलो.

सातव्या दिवशी सकाळी अकरा उतारू घेऊन आम्ही घाट चढत होतो. पायटा गाव मागे टाकून वरच्या अवघड वळणावर इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. हैबतीने ब्रेक दाबला, हाताचा ब्रेकही ओढला. तरी मी मागे सरकू लागलो.

भागोजी उतरलेलाच होता. त्याने उटी माझ्यामागे अगदी नीट, मधोमध लावली. हे मी शपथेवर सांगतो, कारण ती माझ्याच अंगाला लागली होती. जुन्या चाकाला तिने अडवलं असतं. मला ती पायरीएवढी झाली. मी तिच्यावर चढलो आणि पलीकडे उतरलो.

भागोजीला बाजूला होता आलं असतं. वाट होती. त्याने वर बघितलं. खिडकीत बायामाणसं ओरडत होती, मागे दरी होती. त्याने कठड्याचा एक निखळलेला धोंडा दोन्ही हातांनी ओढला, माझ्यामागे सारला आणि खांदा लावून धरला. मोटार थांबली. अकराही जण वाचले. मी थांबेपर्यंत भागोजीच्या छातीवर आलो होतो.

पुढचं मी फार सांगणार नाही. तो तिथेच गेला.

उतारू उतरले तेव्हा उटी माझ्या पुढच्या बाजूला, वाटेवर पडलेली होती. ती बघून कुणीतरी म्हणालं, "उटी निसटली की हो." सयाजीराव आले. फौजदार महाडहून पोचायच्या आत त्यांनी आम्हांला उतरवून जुनी चाकं चढवली.

"हैबती, आता बोलून भागोजी परत येणार हाय का? सर्व्हिस बंद पडंल. चार घरं उपाशी बसतील."

फौजदारांनी विचारलं. हैबती खाली मान घालून म्हणाला, "उटी निसटली, साहेब."

माझा जोडीदार कुठे गेला कोण जाणे. मी सयाजीरावांच्या गोठ्यामागे पडलो. कोंबड्या माझ्यात अंडी घालत, पावसाळ्यात पाणी साचे. हैबतीने मोटार सोडली. वर्षभराने एके दिवशी तो आला, मला खांद्यावर घेऊन महाडच्या बाजारात गेला आणि चांभारापुढे टाकलं.

"याच्या वहाणा कर."

"चांगलं चामडं हाय की, दादा. हे जड पडंल."

"पडूं दे."

चांभाराची रापी अंगाला लागली तेव्हा मला वाटलं, सुटलो. सुटलो नव्हतो.

आज सकाळी त्या वहाणा घालून हैबती भागोजीच्या वाडीवर गेला. त्याने मला उंबऱ्याबाहेर काढून ठेवलं. दार उघडं होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. भागोजीची बायको रखमा नाचणी पाखडत होती. दार वाऱ्याने लागू नये म्हणून खाली एक ठोकळा सारलेला होता. मी त्याला ओळखलं. तीच उटी.

"या भावजी. वाट चुकलाव?"

"वयनी, भाकर झाली का?"

"मी सकाळची खात नाय आता." सुपाचा आवाज थांबला नाही. "त्या दिशी माजं चुलाण पेटंना. तुमच्या मोटारीची येळ झाली. हे उपाशीच गेले. उपाशी माणसाचा हात लटपटायचाच. लोक म्हणतात, भागोजीला उटी लावता आली नाय. लोकांना काय ठावं, मीच त्यांना उपाशी धाडलं."

हैबती तिथेच दाराशी खाली बसला.

मग हैबतीने सांगितलं. चाक मोठं होतं, ते त्याला चार दिवस आधी कळलं होतं, फौजदारापुढे तो खोटं बोलला, सगळं. सांगताना त्याने दारातली उटी उचलून हातात घेतली. "ही निसटली नाय, वयनी. चाक हिच्यावरनं गेलं. भागोजीनं मागनं धोंडा लावला. पळाला असता तर आज हितं असता, आन ती अकरा माणसं नसती."

सूप थांबलं.

"हात लटपटला न्हवता?"

"नाय."

"तुमी बघितलंत?"

"आरशातनं बघितलं. उटी नीट लावली, धोंडाबी नीट लावला."

"आन वरीसभर बोलला नाय तुमी." तिचा आवाज चढला नाही. "मी रोज सकाळी चुलीपुढं बसून रडत व्हते, भावजी."

हैबतीने उटी तिच्यापुढे जमिनीवर ठेवली.

"महाडला चला," ती म्हणाली. "हेच फौजदाराला सांगा. माज्यासमोर."

"चला. मी त्याचसाठी आलोय."

ती उठली, पदर खोचला, आणि शिंक्याजवळ थांबली.

"बसा जरा. मी भाकर खाते, मग निघू."

ती खाईपर्यंत हैबती उंबऱ्यात बसून राहिला. मग त्याने उटी काखेत मारली आणि मला पायात घातलं. आता आम्ही उतारावर आहोत. रखमा पुढे चालली आहे, अनवाणी. महाड अजून लांब आहे. फौजदार ऐकून घेईल की हाकलून देईल, मला माहीत नाही.

तुम्ही कधी गाडीचं चाक बदललंत, तर मागे उटी लावणाऱ्या माणसाला एकदा हाक मारा. त्याच्याकडून चाक आणि उटी मोजून घ्या. मला तेव्हा बोलता आलं नाही.