सासूबाईंचं स्वयंपाकघर, पाच वाजेपर्यंत

सासूबाईंच्या स्वयंपाकघरात शिरले, दिवा लावला आणि आनंदाने मी चक्क एक गिरकी घेतली. इतकी घाण मी जन्मात पाहिली नव्हती. शेगडीमागच्या पांढऱ्या फरश्या तपकिरी झाल्या होत्या. धूर ओढणाऱ्या पंख्याच्या पात्यांवर तेलाचे थेंब लोंबता लोंबता तसेच सुकले होते. कपाटाच्या मुठीला हात लावला तर तो लवकर सुटेना.

या आनंदामागे बावीस वर्षांची तपश्चर्या आहे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात या बाईंनी मी घासलेली सगळी भांडी परत घासली. पुढे आम्ही वेगळे राहायला लागलो, तर दर रविवारी येऊन घासायच्या. "ओली करून ठेवलीस गं, घासलीस कुठे?" असं त्या माझ्या आईच्या देखत म्हणाल्या होत्या. मी त्यांना मनातल्या मनात इन्स्पेक्टर म्हणते. एकदा ते तोंडातून निसटलं, तेव्हा नवरा आठवडाभर आम्हा दोघींच्या मध्ये बसून मुकाट्याने जेवत होता.

आठ दिवसांपूर्वी इन्स्पेक्टर आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या. जिने चढवत नाहीत म्हणाल्या. त्यांचं हे भाड्याचं घर उद्या सकाळी मालकाच्या ताब्यात द्यायचं होतं. सामान हललं होतं, राहिलं होतं ते फक्त स्वयंपाकघर. गेली दोन वर्षं तिथे त्यांनी कुणाला पाऊल टाकू दिलं नव्हतं. कुणीही गेलं की "तुम्ही बाहेर बसा, मी चहा आणते." आज हट्टाने माझ्याबरोबर आल्या, बाहेरच्या खोलीत उरलेल्या एकुलत्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "वरवर हात फिरव फक्त. फार काही नाहीये."

वरवर! मी गॅलरीत जाऊन नणंदेला फोन लावला.

"ताई, पाच वाजता आईंच्या जुन्या घरी या. एक गंमत दाखवते."

"कसली गं गंमत?"

"या तर खऱ्या."

माझ्या नणंदेच्या कानावर घातलेली गोष्ट दिवे लागायच्या आत सगळ्या मावश्या, आत्या आणि काकूंपर्यंत जाते, आणि जाताना चांगलं बाळसं धरून जाते. बावीस वर्षांचं उट्टं काढायला मला याहून चांगलं माणूस मिळालं नसतं. म्हणून भिंती आणि कपाटाची दारं प्रदर्शनासाठी तशीच ठेवायची आणि आधी आतलं आवरायचं, असं मी ठरवलं.

आतले डबे एकेक करून ओट्यावर काढले. मिठाच्या डब्याला एक रबरबँड होता. साखरेच्या डब्याला दोन. चहाच्या डब्याला तीन. म्हातारपणी माणसं काय काय जमवतात, म्हणून मी हसले. तेलाच्या बाटलीच्या मानेला चिंधी बांधलेली होती, भांडी घासायच्या साबणाच्या बाटलीला काहीच नव्हतं. मग शेगडीकडे वळले. प्रत्येक बटणावर काडेपेटीची एकेक काडी चिकटपट्टीने चिकटवलेली. बटण फिरवलं की काडी फिरायची. आडवी म्हणजे मोठी आच, तिरकी म्हणजे बारीक. हे बोटांना कळावं म्हणून केलेलं होतं.

माझं हसू तिथेच विरलं.

मी मिठाचा डबा घेऊन बाहेर आले आणि त्यांच्यासमोर हातभर अंतरावर धरला. "आई, हे काय आहे?"

त्यांनी मान तिरकी केली. कोंबडी दाणा बघते तशी. "डबा."

"कसला?"

"इकडे दे." डबा हातात घेतला, अंगठा रबरबँडवरून फिरवला. "मिठाचा. एवढंही कळत नाही तुला?"

मी त्यांच्या अंगठ्याखालच्या रबरबँडला बोट लावलं. तेवढ्यावरून त्यांना सगळं कळलं. या बाई मूर्ख कधीच नव्हत्या.

"कडेचं दिसतं," त्या म्हणाल्या. "मधलं दिसत नाही. ज्याच्याकडे बघावं तेच जातं. दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाला, आहे तेवढं सांभाळा."

"एकट्याच गेलात डॉक्टरकडे?"

"मग काय वरात घेऊन जाऊ?"

"अहो, मला सांगायचं तरी! मी येऊन घासलं असतं सगळं."

"तुला? बावीस वर्षं तुला इतकं बोलले आणि तुला सांगू, ये माझा ओटा घास म्हणून?" मग हळूच म्हणाल्या, "खूप खराब आहे का गं?"

काय सांगणार! "आहे थोडं," म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी या बाईंची मनापासून कीव केली आणि ती मला अजिबात आवडली नाही. भांडायला हक्काचं माणूस गेल्यासारखं वाटलं.

"माझ्या लेकीला कळू देऊ नकोस," त्या म्हणाल्या. "तू तरी रागावशील. ती रडत बसेल, दहा जणांना सांगेल, आणि मग मला कुणी भाजीसुद्धा चिरायला देणार नाही. आंधळीच्या हातात सुरी कोण देतं? खाटेवर बसवून भरवतील. भरवून घेण्यापेक्षा मी मेलेली बरी."

आणि मी नेमकं तिलाच बोलावून बसले होते! गॅलरीत जाऊन परत फोन लावला. "ताई, राहू द्या, आज नका येऊ."

"आता कशाला राहू द्या? गंमत म्हटल्यावर मी थांबणार होय? निघालेसुद्धा. वाटेत एक काम आहे, ते उरकून पाचला येते."

दोन वाजले होते.

पुढचे तीन तास मी ज्या वेगाने घासलं त्या वेगाने माझं स्वतःचं घर कधी घासलं नाही. पातेलंभर पाणी उकळलं, त्यात सोडा आणि साबण ओतला, पंख्याची पाती बादलीत बुडवली. फरश्यांवर सोड्याचा लगदा थापला आणि जुन्या सुरीच्या पाठीने खरवडायला लागले. तेलाचा थर सालीसारखा निघून अंगावर पडत होता. केसांत, बाह्यांत, एकदा तोंडात. बर्नरच्या एकेका छिद्रात टाचणी घालताना मी देवाला, डॉक्टरला आणि स्वतःच्या जिभेला यथेच्छ शिव्या दिल्या.

मागून आवाज आला. इन्स्पेक्टर खुर्ची ओढत आत आल्या होत्या. "पाती इकडे दे. हाताला काही झालेलं नाही माझ्या."

त्या बादलीपाशी बसल्या आणि चाचपडत घासायला लागल्या. पातं निघालं की त्यावरून बोट फिरवायचं, खरखर लागली की परत तारेची घासणी. पाती आरशासारखी झाली. माझ्याकडचं काम मात्र कानांनी तपासत होत्या. "जोर लाव जरा. गोंजारतेयस का त्या फरशीला?" मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

पाचला पाच मिनिटं कमी असताना सगळं झालं होतं, फक्त शेगडीवरच्या कपाटाचं डावं दार राहिलं होतं. उजवं लख्ख, डावं तपकिरी. मी फडकं उचललं आणि घंटी वाजली.

नणंद पर्स काखेत मारून थेट स्वयंपाकघरात आली. आई खुर्चीत सरळ बसल्या. नणंदेची नजर चारी भिंतींवरून फिरली आणि डाव्या दारावर थांबली.

"वहिनी, हे काय?"

"माझ्यामुळे झालं," मी म्हणाले. "मघाशी तेलाची बाटली उडाली माझ्या हातून."

"दारावरचं हे तेल आजचं नाही वाटत. वाळून कडक झालंय."

मी फडकं बादलीत बुचकळायला वळले. पण आईंना राहवेना. नेम धरून सुनेवर तोफ डागायची संधी आली होती, आणि ती संधी त्यांनी बावीस वर्षांत एकदाही सोडलेली नाही.

"मी सांगते ना काय ते!" त्या उठल्या. "हिची सवयच आहे अर्धवट ठेवायची. माझं एवढं चांगलं ठेवलेलं घर, आणि एका दिवसात काय केलं बघ हिने. हे बघ! हे काय, दिसत नाही का तुला?"

आणि त्यांनी बोट दाखवलं. उजव्या दाराकडे.

त्या दारात नणंदेचं स्वतःचं प्रतिबिंब दिसत होतं. तिने ते बोट पाहिलं. तिरकी मान पाहिली. तिची हनुवटी थरथरायला लागली, आणि आता ही रडणार हे मला स्पष्ट दिसलं.

"हो आई, राहिलं खरं," मी मोठ्यांदा म्हणाले. पुढे झाले आणि उजव्या दारावर फडकं दाबून घासायला लागले. घासताना मी नणंदेकडे बघत होते. मी तिच्याकडे असं डोळ्यांनी कधी काही मागितलं नव्हतं.

नणंदेने पर्स जमिनीवर ठेवली. तळहाताने गाल पुसले. बादलीतलं दुसरं फडकं पिळलं, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि अगदी आईच्या ठसक्यात म्हणाली, "खरंच वहिनी, कसं गं ठेवलंस हे! सरक तिकडे."

त्या लख्ख दारावर आम्ही दोघी खांद्याला खांदा लावून घासत राहिलो.

"कोपरे," मागून इन्स्पेक्टर म्हणाल्या. "कोपरे विसरू नका."