या आठवड्याचाही विषय मी नव्हे

मी कानेलो. लाकडी घोडा. लिनारेस गावच्या चौकात माझ्या पाठीवर बसून ज्यांनी लहानपणी फोटो काढून घेतले, ते आता पिकल्या केसांनी माझ्यासमोरून फिरले तरी मला ओळखू येणार नाहीत. आणि मी चौकात नाहीच. मी एदेल्मिराच्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारी उभा आहे. आज बोलावंसं वाटतंय. मी हळू बोलतो, तेवढं सांभाळून घ्या.

माझं अंग पॉपलरच्या लाकडाचं. एदेल्मिराचा बाप गाड्या बनवणारा सुतार होता. जावई फोटोग्राफर मिळाला म्हणून त्यानं लग्नात आहेर म्हणून मला दिलं. पोटात भुसा भरला, वरून खऱ्या घोड्याचं दालचिनी रंगाचं कातडं चढवलं, शेपटीला खरे केस लावले. कॅमेऱ्याकडचा माझा डोळा काचेचा आहे. पलीकडचा नुसता रंगवलेला, कारण तो फोटोत येतच नाही.

हा जावई म्हणजे नोल्बेर्तो. त्याची कॅमेऱ्याची पेटी तीन पायांवर उभी असायची. पेटीतच फोटो निघायचा, पेटीतच तयार व्हायचा आणि शेवटी बादलीत धुतला जायचा. एदेल्मिरा पोरांना डोक्यातून घालायचा घोंगडीसारखा पोंचो नि टोपी चढवायची. पोर अगदी लहान असलं तर माझ्या रंगवलेल्या डोळ्याच्या बाजूला खाली बसून, पोंचोच्या आडून त्याची कंबर धरून ठेवायची. ओला फोटो हातात आला की आया आधी आपलं पोर बघत आणि मग म्हणत, "घोडा अगदी खरा वाटतो हो." तेव्हा मत्सर म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. सगळे ज्याच्याकडे बघतात त्याला तो कुठून ठाऊक असणार?

पुढे लोकांच्या खिशात फोन आले. चौकातली गर्दी आटली. नोल्बेर्तो तरी रोज मला ढकलत न्यायचा, बाकावर बसून कबुतरांना पाव टाकायचा आणि परत आणायचा. एका हिवाळ्यात छातीत कफ झाला आणि तो गेला. त्याची पेटी गावच्या वाचनालयानं मागून नेली. आता ती काचेच्या कपाटात बसते, खाली पितळी पाटी आहे म्हणे. मला कुणी मागितलं नाही. मला चुलीशेजारी आणलं आणि माझ्या पाठीवर इस्त्री करायचे कपडे पडायला लागले.

पेटी न्यायला आली होती ती वाचनालयातली यास्ना. ती पोरगी मनानं चांगली. घर किती गप्प आहे ते तिनं पाहिलं आणि आदरानं म्हणाली, "दोन्या एदेल्मिरा, तुम्ही आमच्या फोटोंच्या गटात या ना." गट फोनवरचा. दर रविवारी एक विषय जाहीर होतो. शनिवारपर्यंत ज्यानं त्यानं त्या विषयावर एक फोटो काढून टाकायचा, जुना चालत नाही, त्याच आठवड्यात काढलेला हवा. मग सगळ्यांनी लाल बदाम द्यायचे. ज्याला जास्त बदाम, तो पुढच्या आठवड्याचा विषय सांगणार. बक्षीस एवढंच.

एदेल्मिरानं जन्मभर पोरांना पोंचो घातले आणि बादल्या भरल्या, फोटो मात्र एकही काढला नव्हता. तिची बोटं फोनवर घसरायची. पण ती हट्टाला पेटली. शेजारच्या ग्रिसेल्डाला तिनं एकदा संध्याकाळच्या चहाला सांगितलं, तेव्हा मलाही कारण कळलं.

नोल्बेर्तोचा एकही फोटो घरात नाही. लग्नाचा फोटो त्यानं स्वतःच काढला, त्यात ती एकटीच उभी आहे. ओळखपत्रावर एक आहे खरा, पण त्यात तो कोंबड्या चोरताना पकडल्यासारखा दिसतो. "आणि माझ्या डोळ्यांसमोरून तो पुसट होत चाललाय," एदेल्मिरा म्हणाली. "नाक आठवतं. आवाज आठवतो. पण चौकात तो उभा कसा राहायचा, ते आता नीट दिसत नाही."

गावात घरोघरी त्यानं काढलेले फोटो आहेत. एखाद्यात, कुठल्यातरी कोपऱ्यात, तो सापडेल अशी तिला आशा होती. म्हणून तिला एकदा जिंकायचं होतं आणि त्या फोटोंचाच विषय द्यायचा होता.

"मग यास्नाला सांग की. देईल तुला विषय," ग्रिसेल्डा म्हणाली.

"विधवेची दया म्हणून? मग लोक ताटात वाढल्यासारखा एकेक फोटो टाकतील आणि विसरतील. जिंकून मागितलं तर माळ्यावर चढून शोधतील."

ते खरं होतं. आमच्या गावात दयेला कुणी माळ्यावर चढत नाही, पण पैजेला चढतात.

तर असे आठवडे सुरू झाले, आणि तेव्हापासून माझ्या पोटातला भुसा जळायला लागला.

पहिला विषय आला 'वाट पाहणं'. मी म्हटलं, झालं, मीच. माझ्याइतकी वाट या घरात कोण पाहतं? तिनं किटलीचा फोटो काढला. 'हिरवं' आलं तेव्हा एक कापलेला आवोकादो खिडकीत ठेवला, त्याच्याभोवती तीन वेळा फिरली, आणि मग तो पावावर चोपडून खाल्ला. खाल्ला ते बरं झालं. एका आठवड्यात कपड्यांचे चिमटे, एका आठवड्यात पाणी गळणारा नळ. त्या नळासमोर ती गुडघे दुखत असताना बसली. माझ्यासमोर पूर्वी राजासारखे पाहुणे उभे राहायचे, आणि आता नळ!

त्याहून वाईट म्हणजे ग्रिसेल्डाचा बोका. नाव मिनिस्त्रो, म्हणजे मंत्री, कारण तो काही काम करत नाही आणि जाडा होतो. ग्रिसेल्डा विषय कुठलाही असो, त्याचाच फोटो टाकते. 'लाल' असेल तर गळ्यात लाल फीत. 'एकटेपणा' असेल तर रिकाम्या ताटलीसमोर मांजर. 'नदी' होतं तेव्हा तिनं त्याला टबात बसवलं आणि आठवडाभर हाताला पट्टी बांधून फिरली. लोक हसायचे, पण बदाम द्यायचे. हा मिनिस्त्रो दुपारी माझ्याच पाठीवर येऊन झोपायचा. ज्याचे इतके फोटो निघतात त्याला झोप लागणारच.

मग विषय आला 'जुनं'.

त्या दिवशी एदेल्मिरानं माझ्या पाठीवरचे कपडे उचलले. ओल्या फडक्यानं माझा काचेचा डोळा पुसला. मी मान आणखी ताठ करता आली असती तर केली असती. ती माझ्यासमोर आली, फोन वर धरला. पुष्कळ वेळ तशीच उभी राहिली. मग फोन खाली घेतला आणि कपडे पुन्हा माझ्यावर टाकले. 'जुनं' म्हणून तिनं चाळणीचा फोटो दिला.

ग्रिसेल्डा तर चिडली. "अगं शेजारणी, घरात एवढा घोडा असताना चाळणी? घोड्याला सगळ्या गावानं बदाम दिले असते. तुला जिंकायचंय की नाही?"

एदेल्मिरा चुलीत लाकूड सारत होती. "त्याचा काढायचा तर मला नोल्बेर्तोच्या जागेवर उभं राहावं लागतं," ती म्हणाली. "तिथे मला अजून उभं राहवत नाही."

हे मी ऐकलं. मला समजलंही. पण कारण समजलं म्हणून मत्सर जातो असं नाही. उलट त्यात एक नाव वाढलं. इतके दिवस मी किटलीवर, नळावर, मांजरावर जळत होतो. आता नोल्बेर्तोवरही जळायला लागलो. तो नव्हता तरी समोरची जागा त्याचीच होती, आणि मी होतो तरी नव्हतो.

ती जिंकली ती 'आवाज' या विषयावर. आवाजाचा फोटो कसा काढायचा यावर गावात वाद झाले. कुणी घंटा दिली, कुणी गिटार. एदेल्मिरा मागच्या दारात उभी होती आणि ग्रिसेल्डा भिंतीवरून मिनिस्त्रोला हाका मारत होती. तोंड हे एवढं उघडं, वरच्या दातांतली फट दिसतेय, आणि भिंतीवरच्या मांजरानं कान डोक्याला चिकटवलेत. नेमका तोच फोटो निघाला. ज्यांनी ग्रिसेल्डाची हाक ऐकली आहे, म्हणजे अर्ध्या गावानं, त्यांना ती फोटोतून पुन्हा ऐकू आली.

ग्रिसेल्डा दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, "बेकरीत तिघांनी मला ओळखलं." मग कळलं की पहिला बदाम तिचाच होता.

मला एवढंच दिसलं की याही फोटोत मांजर आहे.

रविवारी यास्नानं विचारलं आणि एदेल्मिरानं विषय दिला: नोल्बेर्तोनं चौकात काढलेला फोटो, आज तो जिथे आहे तिथे. मी मनात म्हटलं, शेवटी आला माझा आठवडा. कारण त्या फोटोंत पोरं बदलत होती, पोंचो बदलत होते, पण घोडा एकच होता.

आणि फोटो आले हो. लोक खरंच माळ्यावर चढले. खाटकाच्या तराजूमागे टांगलेला मी. बसच्या आरशाला चिकटवलेला मी. एका म्हातारीच्या प्रार्थनेच्या पुस्तकात खूण म्हणून घातलेला मी, घडीमुळे मधोमध दुमडलेला. लोक तो जुना फोटो छातीशी धरून नवा फोटो काढून घेत होते, टक्कल पडलेली माणसं, नातवंडं असलेल्या बायका, आणि सगळ्यांच्या हातांत मधोमध मी. काय रुबाब होता माझा!

एदेल्मिरा आणि ग्रिसेल्डा रोज चहाला बसायच्या आणि फोटो मोठा करून बघायच्या. फोनवर दोन बोटं ठेवून ती पसरली की चित्र मोठं होतं. मी वाट बघायचो. पण एदेल्मिराची बोटं माझ्यावर कधी थांबलीच नाहीत. ती थेट कडेला जायची. गवताकडे, बाकाकडे, झाडाच्या खोडामागे.

"इथे काहीतरी आहे," एकदा ती म्हणाली. पोंचोच्या काठाखालून चार बोटं दिसत होती. तिनं आणखी मोठं केलं आणि हसली. "मीच आहे ही. अंगठी बघ."

मग तशी बोटं कितीतरी फोटोंत निघाली. शोधायला गेली नवऱ्याला आणि जिथे तिथे तिचेच हात. नोल्बेर्तो कुठेच नव्हता. तो आपल्या कामात चोख होता, स्वतःला चित्रात येऊ द्यायचा नाही. शुक्रवारपर्यंत तिचं हसू संपलं. ती चहा ओतायची आणि प्यायला विसरायची.

शनिवारी संध्याकाळी, मुदत संपत आली तेव्हा, आबेलिनो नावाच्या सायकलवाल्याचा फोटो आला. त्याच्या दुकानात, पंपाच्या वर, धुळीनं पिवळा पडलेला.

मला ती दुपार आठवली. उतरतं ऊन होतं. आबेलिनो पोरगा होता आणि काही केल्या रडं थांबवत नव्हता. नोल्बेर्तो पेटीशेजारी उभा राहून टोपी वर धरून हलवत होता, की पोरानं बघावं. पोरगं क्षणभर हसलं आणि यानं घाईत फोटो घेतला. फोटो धुऊन निघाला तेव्हा नोल्बेर्तो शरमेनं लाल झाला. पाठीमागच्या उन्हानं त्याची स्वतःची सावली फोटोत पडली होती. असली चूक नवशिक्याची. तो फाडायला निघाला, पण पोराची आई म्हणाली, राहू द्या, एवढ्या एकात तो रडत नाहीये.

एदेल्मिरानं बोटं पसरली. या वेळी ती कडेला गेली नाही. माझ्या छातीवर आली, आणि थांबली.

माझ्या छातीवर पेटीची सावली होती, तीन पाय गवतात लांबलेले. तिच्याशेजारी एक माणूस. एक खांदा उतरलेला, एका पायावर भार टाकलेला, हातात वर धरलेली टोपी.

"असा," एदेल्मिरा म्हणाली. "असा उभा राहायचा."

ग्रिसेल्डानंही फोनवर मान वाकवली. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाली, "घोडा छान आलाय."

"घोडा झाकला गेलाय," एदेल्मिरा म्हणाली, आणि तिचा आवाज इतका हलका झाला होता की मला राग धरता येईना. तरी धरला.

आबेलिनोनं तो फोटो चौकटीसकट आणून दिला. तो आता माझ्या समोरच्या भिंतीवर आहे. इतकी वर्षं मला भिंतीवर जायचं होतं, गेलो. रोज ती त्याच्यासमोर उभी राहते आणि माझ्या अंगावर जिथे मी दिसत नाही, तेवढ्याच जागेकडे बघते.

पुढच्या आठवड्याचा विषय आबेलिनोनं दिला होता, 'माझी जागा'. बुधवारी ऊन उतरल्यावर एदेल्मिरानं मला मागच्या अंगणात ढकललं. माझी चाकं कुरकुरली. तिनं माझ्यावरचे कपडे काढून दोरीवर टाकले, माझ्यापासून पावलं मोजत मागे गेली, आणि नोल्बेर्तो जितक्या अंतरावर उभा राहायचा तिथे येऊन थांबली. पाठीमागे ऊन होतं.

भिंतीवरून ग्रिसेल्डा बघत होती. "शेजारणी, तुझी सावली पडतेय घोड्यावर. बाजूला हो थोडी."

"पडू दे."

"एक बदाम मिळायचा नाही."

"तू देशीलच की," एदेल्मिरा म्हणाली, आणि एका पायावर भार टाकून तिनं माझा फोटो काढला.

तो दुसऱ्या चौकटीत पहिल्याच्या शेजारी लावला आहे. दोन्हींत मी आहे. दोन्हींत छातीवर सावली आहे, एकात त्याची, एकात तिची. घरी येणारे लोक म्हणतात, ही दोघं किती छान दिसतात बघा. तिसऱ्याचं नाव कुणी काढत नाही.

तुमच्या घरात सगळ्यांचे फोटो काढणारं कुणी असेल. त्याच्या हातातून फोन घ्या आणि एकदा त्याचाच काढा. नाहीतर मागे राहिलेल्याला त्याला माझ्यासारख्या बिचाऱ्याच्या अंगावर शोधावं लागतं.

माझं म्हणाल तर मत्सर गेलेला नाही. या वयात तो काय जाणार. पण दुपारी मिनिस्त्रो पाठीवर येऊन झोपला की मी हलत नाही, आणि संध्याकाळी एदेल्मिरा भिंतीसमोर उभी राहते तेव्हा नकळत तिचा हात मागे येतो आणि माझ्या आयाळीवर टेकतो. बघत ती तिकडेच असते. पण हात तिचा माझ्यावर असतो. तेवढा वेळ मी पाठ ताठ ठेवतो.