मधल्या नावापुढची लाल चांदणी

मी नावाची चौकट बोलतेय. दाराची नव्हे, फोटोचीही नव्हे. मोबाइलवर कुठलाही फॉर्म उघडलात की सगळ्यात आधी जी समोर उभी राहते आणि विचारते, 'स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव', ती मी. तुम्ही मला सतत भेटता आणि एकदाही नीट बघत नाही. त्याचा मला राग नाही. पण आज मला बोलायचंय, आणि बोलल्याशिवाय मी हलणार नाही. स्वभावच हट्टी आहे माझा, त्याला कोण काय करणार!

माझा जन्म नाशिकचा. गंगापूर रोडला औषधाच्या एका दुकानावर तीन खोल्यांचं ऑफिस आहे, तिथे सहा माणसं वेबसाइट बनवतात. मला घडवलं तेजस्विनीनं. ती मनमाडची, रेल्वेवाल्याची मुलगी, बोलायला कमी आणि कामाला पक्की. एकाच महिन्यात तिनं तीन वेबसाइटसाठी तीनदा नावाच्या चौकटी लिहिल्या आणि तिसऱ्या वेळी पार वैतागली.

"सर, मी याचा एकच कंपोनंट करते," ती म्हणाली. "एकदाच नीट लिहायचा, आणि लागेल तिथे नुसता नावानं बोलवायचा."

संतोष सर म्हणजे ऑफिसचे मालक. माणूस वाईट नाही, पण कायम घाईत. "अगं, कशाला चार दिवस घालवतेस? जुन्यातलं उचल, नव्यात टाक, विषय संपला."

"नाही सर. मग एक चूक निघाली की दहा ठिकाणी शोधत बसायचं. मला चार दिवस द्याच."

आणि तिनं ते घेतलेच! मला तेव्हाच कळलं, आपली आई कोणत्या मातीची आहे ते.

आता कंपोनंट म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. घरात सोऱ्या असतो ना, तसं समजा. सोऱ्या एकच. एक चकती घातली की चकली, दुसरी घातली की शेव. मीही एकच. दवाखान्यात मला सांगायचं, 'रुग्णाचे नाव' म्हण. मंगल कार्यालयात सांगायचं, 'वराचे नाव' म्हण. मी तसं म्हणते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी की मला एका जागी दुरुस्त केलं, की जिथे जिथे बोलावलंय तिथे मी आपोआप दुरुस्त होते.

तेजस्विनीनं मला जीव लावून शिकवलं. नावाआधी चुकून पडलेली मोकळी जागा मुकाट्यानं गिळायची. लहान स्क्रीनवर दाटीवाटी न करता एकाखाली एक उभं राहायचं. मराठी अक्षर आलं म्हणून बिचकायचं नाही. शेवटच्या दिवशी सर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तिन्हीला स्टार लाव. कंपल्सरी. मधलं नाव नसलेला माणूस असतो का आपल्याकडे?"

तेजस्विनीनं क्षणभरही विचार केला नाही. लावून टाकले. ती लाल चांदणी म्हणजे, जागा रिकामी सोडलीत तर मी पुढे जाऊ देणार नाही. मला तर ती फार आवडली. नव्या नवरीनं नथ मिरवावी तशी मी ती मिरवत होते.

पहिली कामाला लागले ती एका दातांच्या दवाखान्यात. मग निफाडच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये, मग मंगल कार्यालय, मग पोहण्याचा तलाव. बघता बघता नऊ ठिकाणी झाले. काय एकेक माणसं भेटली म्हणून सांगू! कोणी पहिल्याच जागेत तिन्ही नावं कोंबतात आणि उरलेल्या दोन जागा लाल झाल्या की मलाच शिव्या देतात. कोणी स्वतःच्या नावाआधी 'श्री.' लावतात, कोणी 'ह.भ.प.', कोणी आडनावापुढे कंसात 'पाटील' लिहितात, कारण गावात पाटीलकी होती. एका आजोबांनी तर पतीच्या नावाच्या जागी 'मीच' असं लिहिलं होतं.

आणि काही जण मधल्या जागेत नुसतं एक टिंब टाकायचे. मी म्हणायचे, काय ही आळशी माणसं! वडिलांचं नाव लिहायला यांचे हात दुखतात! पण टिंबही चालतं असं मला शिकवलेलं होतं, म्हणून नाक मुरडून पुढे सोडायचे.

एक गोष्ट मात्र माझ्या नकळत घडली. ओवेस नावाचा तेजस्विनीचा सहकारी, मनमोकळा आणि कामाला चपळ, एका मुलींच्या वसतिगृहाची वेबसाइट करत होता. त्याला माझ्या शेजारी फोटोसाठी जागा हवी होती, आणि मला तशी जागा नव्हती. तेजस्विनी त्या दिवशी रजेवर होती. मग त्यानं मला बोलावण्याऐवजी माझा सगळा मजकूर उचलला, आपल्या फाइलमध्ये चिकटवला आणि तिथे फोटो बसवला. 'पुढच्या आठवड्यात नीट करतो,' असं मनाशी म्हणाला. त्याला दोन वर्षं झाली. म्हणजे दोन वर्षं माझी एक जुळी बहीण, माझीच चांदणी लावून, वसतिगृहाच्या दारात उभी होती आणि मला पत्ताच नव्हता.

मग या जूनमध्ये, एका मंगळवारी अकराच्या सुमारास, छाया गभाले ऑफिसचा जिना चढून आल्या. घोटीला भाताच्या गिरणीत पोती शिवायचं काम करतात. एक खाडा करून, एसटीनं, वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरात असलेलं ऑफिसचं नाव आणि पत्ता शोधत आल्या होत्या. मी तेजस्विनीच्या स्क्रीनवर उघडीच होते, म्हणून शब्दन् शब्द ऐकला.

"ताई, ह्यो फारम तुमीच केलाय ना?" त्यांनी मोबाइल पुढे धरला. "माज्या पोरीचं नर्सिंगला नाव लागलंय. वेदिका तिचं नाव. पन गाव घोटीच्याबी पल्याड हाय, रोज येनं-जानं व्हायचं नाय. वसतिगृह नाय मिळालं तर शिक्षान सुटलं. आन् आज पाचला फारम बंद व्हतोय."

"मग अडचण काय आली, मावशी?"

"तो तिच्या बापाचं नाव मागतोय. बाप ती सा महिन्यांची असताना निघून गेला. शाळेच्या दाखल्यावर मी माझं नाव लावलंय, वेदिका छाया गभाले. पैल्या खेपेला फारम भरनाऱ्या नाथाभाऊनं मधी टिंब टाकलं. दाखल्याशी जुळत नाय म्हनून फारम माघारी आला. आता सांगा, काय टाकू?"

संतोष सर आतून म्हणाले, "अहो, वडिलांच्या जागेत तुमचंच नाव टाका. अक्षरं जुळली म्हणजे झालं. कोण बघतंय?"

छायाबाईंचा आवाज चढला नाही, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. "साहेब, मी तिचा बाप नाय. मी आई हाय तिची. अठरा वर्सं आई म्हनून सांभाळलंय, तर आई म्हनूनच लिवनार."

त्या क्षणी मला ती सगळी टिंबं आठवली. आळशी म्हणाले होते मी त्यांना! त्यातल्या कितीजणांना मी असंच कोंडीत पकडलं असेल? लाज वाटली मला, खरंच लाज वाटली.

तेजस्विनीनं थेट वसतिगृहात फोन लावला. अधीक्षिका वत्सलाबाई फोनवर आल्या. "आमच्या नियमात फक्त 'पालकाचे नाव' आहे," त्या म्हणाल्या. "आई चालते की! तुमचाच फॉर्म वडिलांचं मागतो. आम्हाला वाटलं, कॉम्प्युटरला लागत असेल. नाव दाखल्याशी जुळू द्या, मी घेते. फक्त फॉर्म पाचच्या आत पाठवा."

ऐकलंत? सरांना वाटलं लोकांना हवं असतं, तेजस्विनीला वाटलं सरांना हवंय, वत्सलाबाईंना वाटलं कॉम्प्युटरला हवंय. आणि ज्या नियमासाठी मी दोन-अडीच वर्षं लोकांची वाट अडवली, तो नियम कोणाचाच नव्हता!

तेजस्विनीनं बाह्या सरसावल्या. मधल्या जागेवरची चांदणी काढली. तिथे आधी विचारायला शिकवलं, 'मधलं नाव कोणाचं? आईचं, वडिलांचं, पतीचं, की लावत नाही?' आणि जे निवडाल तेच मी वर लिहिणार. दीड वाजता मी नव्यानं उभी राहिले. दवाखान्यात बदलले, पॅकहाउसमध्ये बदलले, नऊच्या नऊ ठिकाणी एका दमात बदलले. वाटलं, जिंकलो!

तेजस्विनीनं वसतिगृहाचा फॉर्म उघडला. मधली जागा रिकामी ठेवून पाहिली. लाल. परत उघडला. परत लाल.

"असं कसं? मी तर बदललंय," ती पुटपुटली.

ओवेस खुर्चीतून उठला. चेहरा पडला होता बिचाऱ्याचा. "तेजू, तिथे तुझा कंपोनंटच नाही. मी कॉपी केला होता, फोटोसाठी. माझी चूक आहे, यार. विसरूनच गेलो."

सर घड्याळाकडे बघत म्हणाले, "जाऊ दे ते. आतल्या नोंदीत जाऊन या मुलीचं नाव तू हातानं टाक. दोन मिनिटांचं काम आहे. बाकीचं नंतर बघू."

"आणि उद्या दुसरी कोणी आली तर?" तेजस्विनीनं विचारलं. "नंतर म्हणतच दोन वर्षं गेली ना, सर?"

"आन् मलाबी नको तसं," छायाबाई म्हणाल्या. पिशवी मांडीवर घट्ट धरून त्या खुर्चीवर बसून होत्या, घरून आणलेली भाकरी तशीच होती. "मागल्या दारानं नको. बाकीच्या पोरी जशा गेल्या, तशीच माझी पोर जाईल. मी थांबते."

पुढचे अडीच तास त्या खोलीत फक्त कळफलक वाजत होता. फोटोसाठी माझ्या शेजारी नीट जागा करायची होती, म्हणजे परत कोणाला मला फाडून न्यायची गरजच पडणार नाही. तेजस्विनी माझ्या फाइलमध्ये लिहीत होती, ओवेस त्याच्या फाइलमधून जुळीला ओळीओळीनं काढत होता. एकदा फोटो माझ्या अंगावरच येऊन बसला. एकदा मी अख्खी गायब झाले. सर दोनदा येऊन घड्याळ बघून गेले. तिसऱ्या वेळी सगळ्यांसाठी चहा घेऊन आले. मी मनाशी म्हणत होते, आज काही झालं तरी पडायचं नाही.

चार पस्तीसला जुळी गेली आणि तिच्या जागी मी उभी राहिले. तिचं मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू?

"मावशी, सांगा, मी टाइप करते," तेजस्विनी म्हणाली.

"नाय, मी लिवते." एका बोटानं, एकेक अक्षर हुडकत त्यांनी लिहिलं. वेदिका. मग मधली जागा. 'आईचं' यावर बोट ठेवलं आणि मी वर लिहिलं, 'आईचे नाव'. त्या तेवढ्या दोन शब्दांकडे बघत राहिल्या. मग लिहिलं, छाया. मग आडनाव. चार अठ्ठेचाळीसला फॉर्म गेला. तेव्हा कुठे त्यांनी डोळ्याला पदर लावला, आणि तेजस्विनीनं उगाचच स्क्रीन पुसायला घेतला.

आता मी एकवीस ठिकाणी आहे. माझ्या आणखी चार प्रती सापडल्या, त्याही ओवेसनं स्वतःहून हुडकून काढल्या. ऑफिसात नवीन माणूस आलं की तेजस्विनी पहिल्याच दिवशी बजावते, "उचलायचं नाही, बोलवायचं." आणि कुठेही चांदणी लावायची असली की आता तिथे विचारतात, हा नियम नक्की कोणाचा आहे?

माझं तुमच्याकडेही तेवढंच मागणं आहे. तुम्ही फॉर्म बनवणारे असाल तर चांदणी लावण्याआधी एक फोन करा. आणि भरणारे असाल, आणि माझ्यासारखीच एखादी आडमुठी चौकट तुम्हाला तुमचं नसलेलं काही लिहायला लावत असेल, तर टिंब टाकून पुढे जाऊ नका. विचारा. छायाबाई एक दिवसाचा खाडा करून विचारायला आल्या, म्हणून आज मी शहाणी झाले.

जुलैत वसतिगृहाच्या वाचनालयाचे फॉर्म निघाले. तिथेही मीच होते. एका दुपारी बसल्या बसल्या, मैत्रिणीशी गप्पा मारत, एका मुलीनं मला उघडलं. गप्पा न थांबवता लिहिलं, वेदिका. आईचं, छाया. गभाले. एकदाही तिचं बोट अडखळलं नाही. 'पाठवा' दाबलं आणि मैत्रिणीला म्हणाली, "चल लवकर, भूक लागलीय." माझ्याकडे तिनं धड पाहिलंसुद्धा नाही.