आईने रुळवलेले बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे, डाव्या पायाचा. माझा उजवा जोडीदार शेजारीच बसला आहे, पण तो जन्माचा घुम्या. म्हणून आम्हा दोघांची कहाणी मलाच सांगावी लागते. जुना म्हटले तरी माझा तळ अजून जवळजवळ कोरा आहे, आणि माझे दुःख नेमके तेच आहे.

कारखान्यात मला जाड चामड्याचे, घोट्याच्या वर येणारे रूप मिळाले. लांब पल्ल्याच्या वाटा तुडवायला माझा जन्म होता. पुढे आम्ही एका दुकानाच्या फळीवर आलो. दुकानदार बोलायला फटकळ, पण मनाने भला. विकण्यापेक्षा गिऱ्हाइकाच्या हातातले नको ते काढून घेण्यातच त्याला जास्त आनंद मिळे.

एका संध्याकाळी एक परिचारिका आली. डोंगराच्या धारेवरून जाणारी लांबची वाट पायी चालायची, हे तिचे कॉलेजपासूनचे स्वप्न होते. रजा एकदाची मंजूर झाली होती. दुकानदाराने तिच्या हातातली सुती पॅंट पुन्हा खुंटीला टांगली.

"सुती कपडा भिजला की वाळता वाळत नाही, काकडून जाल. ही पातळ घ्या. आणि पिशवी भरताना पाठीला विचारा, मनाला नको. मन काय, सगळंच न्या म्हणतं."

मग जाड लोकरी मोजे घालायला लावून त्याने आम्हाला तिच्या पायांत चढवले आणि दुकानातल्या उतरत्या फळीवरून चालायला लावले. आम्ही अगदी चपखल बसलो. "पण नवे बूट घालून थेट वाटेला लागू नका," तो म्हणाला. "महिनाभर घरात वापरा. बुटाला पाय कळू द्या."

ती हो म्हणाली खरी, पण तिला सवड कुठली? रुग्णालयात पांढरे मऊ बूटच घालावे लागत, आणि घरी आली की ती अंथरुणावर अंग टाकी. आम्ही दाराशी धूळ खात बसलो.

ते तिच्या आईला बघवेना. "पोरीचे पाय सोलून निघतील," असे पुटपुटत तिने एक दिवस, लेक कामावर गेल्यावर, आम्हाला स्वतःच्या पायांत घातले. दोघींचे माप एकच होते. मग तो रोजचाच नेम झाला. भांडी घासताना, जिना चढता-उतरताना, कपडे वाळत घालताना आम्ही तिच्या पायांत असू.

शेजारीण दारातून हसली, "अहो, स्वयंपाकघरात कुठला डोंगर चढताय?"

"हसा, हसा! लेकीची वाट मऊ करतेय मी."

मित्रांनो, इतक्या मायेने मला कुणीही वापरले नाही. पण आयुष्यभर उभ्याने इस्त्री करून त्या माउलीचे पाय वाकडे झाले होते. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आले होते. माझे चामडे मुकाट्याने त्या पायाप्रमाणे वळत गेले. मला जीभ आहे, पण ती नाड्यांखाली दाबलेली. मी काय बोलणार?

निघायच्या सकाळी लेकीने आम्हाला घालून दारापर्यंत फेरी मारली. "अगं, किती मऊ झालेत!"

"मीच घालत होते रोज."

"आई, तू पण ना!" म्हणत तिने आईला मिठी मारली.

चढावर सगळे ठीक होते. उतार लागला तसा तिचा पाय माझ्यात सरकू लागला आणि टाच घासू लागली. दुसऱ्या दिवशी मोजा रक्ताने चिकटला. ओढ्याकाठी बसून तिने मला काढले आणि खडा असेल म्हणून आत हात घातला. खडा नव्हता. अंगठ्याच्या मुळाशी एक खळगा होता. तिने तो लगेच ओळखला, कारण आईच्या त्या हाडाला ती नेहमी तेल चोळत असे. मला मांडीवर घेऊन ती खूप रडली. सोबतची मैत्रीण पुढे गेली, आणि ही जवळच्या गावातून बसने परतली.

"इतक्यात कशी आलीस गं?" आईने विचारले.

"पाऊस लागला, वाट बंद झाली."

"आणि बूट?"

"लोण्यासारखे! एक फोड नाही आला बघ."

तिने पाय मोज्यांत लपवले होते. आईला आभाळ ठेंगणे झाले. शेजारणीला तिने हे दहादा ऐकवले.

लेकीने दुसरे बूट घेतलेच नाहीत. घेतले असते तर आईला कळले असते. पुढची रजा आईच्या आजारपणात गेली. "मला जरा बरं वाटलं की जा हं तू. बूट तयारच आहेत," आई अंथरुणावरून म्हणे. तिला बरे वाटले नाही. ती गेली.

नंतर घर आवरायला मावशी आली. "हे कुणाला तरी देऊन टाकू. कोरे करकरीत आहेत."

"नको मावशी, आईचे आहेत ते."

"तुझी आई कधी गं बूट घालायची?"

लेकीने मला मांडीवर घेतले. माझ्यात हात घालून नुसती बसून राहिली. आजही कामावरून आली की ती कधीकधी तशीच बसते.

मित्रांनो, लांबच्या वाटेचे बूट ज्याचे त्यानेच रुळवावेत. माया कितीही असली तरी दुसऱ्याच्या पायाने चालता येत नाही. माझे मात्र आता चालायचे दिवस राहिले नाहीत. चामडे सुकून तडकू लागले आहे, तेव्हा अधूनमधून थोडे तेल लावा, एवढीच विनंती. फक्त, आकार राहावा म्हणून लोक बुटात कागद कोंबतात, तसे माझ्यात काही कोंबू नका. तो खळगा बुजला, तर लेकीने हात कुठे घालायचा?